‘ऊनो बस झाला’ म्हणे!

चतुर्थी आटोपून नरकासुराची, म्हणजे दिवाळीच्या पहाटे जाळायच्या पुतळ्याची, तयारी सुरू झाली की ऊनोवरून (अर्डुइनोचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) एक मेसेज हमखास फिरतो. "हॉबीवाल्यांना नवीन चिप कशाला? ऊनो बस झाला. नवीन चिप ५ व्होल्टला जळतात, त्यात बग असतात, वर महाग." चार मुद्दे, त्यातला दीड खरा.

ऊनो बस झाला? एलईडी ब्लिंक करायला झाला हो. पण गेल्या वर्षी वाड्यावरच्या नरकासुराला आम्ही डब्ल्यूएस२८१२ च्या (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो अशा) ३००-३०० एलईडीच्या दोन पट्ट्या लावल्या, एका एलईडीला ३ बाइट म्हणजे १८०० बाइट तिथेच गेले आणि ऊनोची अख्खी रॅम २०४८ बाइट! तरी कसंबसं कोंबलं, तर पट्टी लागली की राक्षसाचे डोळे थरथरायचे, पोरं म्हणाली ह्याला ताप आलाय. झालं असं की पट्टीला डेटा पाठवताना लायब्ररी (पट्टी चालवणारा तयार कोड) इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून तातडीचं काम करायला लावणारे इशारे, बंद ठेवते, ६०० ला साधारण १८ मिलिसेकंद, आणि डोळे फिरवणाऱ्या सर्वो मोटरचा पल्स नेमका इंटरप्टवरच चालतो. रात्री दोनला पिको (रास्पबेरी पायचा छोटा बोर्ड) बसवला. २६४ केबी रॅम, पट्टीचं काम त्यातलं पीआयओ, म्हणजे पिन हलवणारं वेगळं हार्डवेअर, बघतं, प्रोसेसर मोकळा. पहाटे जाळेपर्यंत डोळे झकास फिरत होते.

५ व्होल्टला जळतात, हे अर्धं खरं. पिको ३.३ चा, ५ व्होल्ट बाहेर टाकणारा सेन्सर थेट लावू नका, मध्ये व्होल्टेज उतरवणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर घाला. पण २०२३ चा ऊनो आर४ नवीनच ना, तो ५ वरच चालतो. त्यात खरी मेख वेगळीच आहे जी मेसेजवाल्याच्या गावीही नाही, जुन्या ऊनोच्या पिनमधून २० मिलिअँप आरामात घ्यायचो, आर४ ला मर्यादा फक्त ८ ची. जुनं सर्किट जसंच्या तसं उचलून लावलंत तर रडाल.

बगचं मात्र मान्य, शंभर टक्के. पिको २ मधली आरपी२३५० चिप आली तेव्हा आतला पुल-डाउन (पिन शून्य व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावलेली पिन बटण सोडलं तरी २.२ व्होल्टच्या आसपास अडकून बसायची. उपाय काय, बाहेरून ८.२ के (किलोओहम) किंवा त्याहून कमीचा पुल-डाउन रेझिस्टर. चिपच्या नंतरच्या ए४ आवृत्तीत हे दुरुस्त केलंय.

महाग? पिको २०२१ ला आला तोच ४ डॉलरला. हां, क्लोन ऊनो स्वस्त मिळतो, माझ्याकडेच तीन पडलेत, त्यातला एक दरवर्षी तुळशीच्या लग्नाला वृंदावनाची लायटिंग सांभाळतो. तिथे ४० च एलईडी आहेत.