देखरेख करणाऱ्याला चार युक्तीच्या गोष्टी

अभिनंदन! मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात कैद्यांच्या शिस्तभंगाच्या सुनावण्यांवर देखरेख ठेवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय म्हणे. पुण्याच्या मुख्यालयातून या, कोर्टाकडून या, नाहीतर अभ्यागत म्हणून या, फक्त सकाळी अकराच्या आत येऊ नका. तोवर निकाल ठरत असतो. ठरलेल्या निकालावर देखरेख ठेवणं कसं सोपं जातं.

टॅक्सीवाल्याला 'आर्थर रोड' सांगा. रस्त्याचं नाव साने गुरुजी मार्ग होऊन जमाना झाला, पण तेवढं म्हणून तो सात रस्त्याला सोडेलच याचा भरवसा नाही. गुरुजी स्वतः तुरुंगात राहिलेले, नाशिकच्या तुरुंगात बसून त्यांनी आईच्या आठवणी लिहिल्या. म्हणजे पत्ता कसा अगदी शोभेसा आहे.

आत मंजूर जागा हजारभर, आणि माणसं कित्येकदा तिपटीहून जास्त. त्यातही बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे बाहेरचा गुन्हा अजून शाबीत न झालेले. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याची परवानगी लागते. अशा बराकीत बाचाबाची का झाली, हा प्रश्न सुनावणीत विचारू नका. तो विषय बांधकाम खात्याचा.

आता कायदा. 1894 चा आहे, घाबरू नका, इंग्रजांनी तुमची फार काळजी घेतली आहे. कलम 45 मध्ये तुरुंगातल्या गुन्ह्यांची यादी दिलीय, ती रिकाम्या वेळी चवीने वाचा. आजाराचं सोंग करणं हा गुन्हा. अधिकाऱ्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणं हाही गुन्हा. कैदी म्हणाला, पोटात दुखतंय, तर सोंग. म्हणाला, शिपायाने पोटात लाथ घातली म्हणून दुखतंय, तर खोटा आरोप. एका पोटदुखीत दोन कलमं! आणि ते सोंग नव्हतं, आरोप खोटा नव्हता, हे ठरवणार कोण? ज्याच्या हाताखाली तो शिपाई नोकरी करतो, तेच साहेब.

साक्षीदारांची चिंता नको. शिपायाचा जबाब 'मी माझे कर्तव्यावर हजर असताना' इथून सुरू होतो आणि मग आपोआप पुढे सरकतो. कैद्याचा जबाबही तयार मिळेल. मुर्शिदाबादहून आलेला, आयुष्यात मराठीचं एक वाक्य न बोललेला पोरगा अस्खलित सरकारी मराठीत गुन्हा कबूल करतो आणि खाली म्हणतो, 'सदर जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' खाली अंगठा. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तो उगाच नाही.

त्याचं म्हणणं तपशिलात का नाही लिहिलं, असं कुणी विचारलं तर कलम 51 दाखवा. शिक्षेच्या नोंदवहीत गुन्हा, तारीख, आधीचे गुन्हे, शिक्षा हे सगळं लिहायचं. गंभीर गुन्हा असेल तर साक्षीदारांची नावंही. पण कैद्याचा बचाव आणि निकालाची कारणं लिहा, हे त्या कलमात फक्त फटक्यांच्या शिक्षेसाठी सांगितलंय. फटके मारलेच नाहीत तर बचाव कशाला लिहायचा? (मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.)

एक अडचण मात्र आहे. सुप्रीम कोर्टाने सुनील बत्रा खटल्यात सांगून ठेवलंय की एकांत कोठडी, सवलती काढणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात धाडणं, असलं काही सत्र न्यायाधीशांच्या संमतीशिवाय करायचं नाही. तातडीचं असेल तर दोन दिवसांत कळवायचं. वाचून दचकू नका. शिक्षा म्हटलं तर संमती लागते, म्हणून शिक्षा म्हणायचंच नाही. कोठडीत ठेवलं ते 'त्याच्याच सुरक्षिततेसाठी'. मुलाकात बंद झाली ती 'प्रशासकीय कारणास्तव'. माफीचे, म्हणजे शिक्षेतून सूट मिळालेले, दिवस कापायचे असतील तर प्रस्ताव मात्र पाठवा, तिथे पळवाट अवघड. सात रस्त्याहून काळा घोड्याच्या सत्र न्यायालयात माणूस टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासात पोचतो. फाइल टॅक्सीने जात नाही.

आणि पेनांवर लक्ष ठेवा! तो बत्रा खटला उभा राहिला एका चिठ्ठीतून. तिहारमध्ये दुसऱ्याच एका कैद्याचा छळ झाला आणि स्वतः कैदी असलेल्या या बत्रा गृहस्थाने थेट न्यायमूर्तींना पत्र धाडलं. आपल्या मुंबईचा इतिहासही काही बरा नाही. इथल्या तुरुंगात एका स्थानबद्धाने अणुविज्ञानावर चक्क मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने मनाई केली, तर तो हायकोर्टात गेला, जिंकला, आणि 1965 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सरकारलाच खोटं पाडलं. विडी-तंबाखूची झडती होते तशी रिफिलचीही व्हायला हवी.

भायखळ्याच्या महिला कारागृहाचा विषय निघाला तर चहा मागवा. 2017 च्या जूनमध्ये तिथे शिधा मोजताना दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. हिशेब बराकीची वॉर्डर असलेल्या कैदी बाईकडे मागितला. तिला झालेल्या मारहाणीनंतर ती जेजे रुग्णालयात वारली, आणि सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. गच्चीवर चढून ओरडणाऱ्या बायकांवर दंगलीचा. दोन अंडी आणि पाच पाव यांसाठीही कायद्यात सगळी सोय आहे हो. समज द्यायची, मशक्कत, म्हणजे तुरुंगातलं सक्तीचं काम, बदलायची, माफी कापायची, वहीत एक ओळ लिहायची, डॉक्टरांचा दाखला, साहेबांची सही. दहा मिनिटांचं काम.

असो. वह्या तुमच्यासमोर येतील तेव्हा पानं उलटताना थुंकी लावू नका, शाई ओली असते. सगळीकडे सही करा, शेरा 'समाधानकारक' लिहा. निघताना गेटवरच्या रजिस्टरात बाहेर पडल्याची वेळ लिहावी लागते. ती तेवढी खरी लिहा. तिथे कॅमेरा आहे आणि तो चालू असतो.