थंडीने हवा उतरते, पण एकाच चाकाची नाही

नोव्हेंबरात पहिली खरी थंडी पडली की आमच्या मिनेसोटातल्या मराठी ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. डॅशबोर्डवरचा टायरमध्ये हवा कमी असल्याचा पिवळा दिवा, मध्ये उद्गारचिन्ह. खाली प्रश्न, “हे काय आहे? गाडी चालवू का?” आणि पाच मिनिटांत उत्तरं. “थंडीमुळे लागतो, सोडून दे.” “माझा तर मार्चपर्यंत लागलेलाच असतो.” “सेन्सर गेला असेल, लक्ष देऊ नकोस.”

सांगणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण हा सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे, म्हणून आज सविस्तर लिहितेय. विचारणारा बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये शिकायला आलेला असतो, नाहीतर नुकताच प्रोजेक्टवर आलेला. गाडी दहा वर्षं जुनी, बर्फातला पहिलाच हिवाळा, आणि त्याच गाडीतून त्याला रात्री रॉचेस्टरहून मिनियापोलिसला यायचं असतं. उणे वीस सेल्सियसमध्ये हायवेच्या कडेला टायर बसला आणि हातमोजे काढून नट खोलायला गेलात, तर काही मिनिटांत बोटं बधिर होतात. फोनची बॅटरीही त्याच थंडीत मान टाकते.

थंडीने दाब उतरतो हे खरंच आहे. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा फॅरनहाइटने, म्हणजे साधारण साडेपाच सेल्सियसने उतरलं की टायरचा दाब एक पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) उतरतो. सप्टेंबरात 21 सेल्सियसला 35 पीएसआय भरलेला टायर जानेवारीत उणे 20 सेल्सियसच्या पहाटे 28 च्या आसपास दाखवतो, हवा जराही बाहेर न जाता. पुण्यात दुपारचे 30 आणि पहाटेचे 10 धरले तरी फरक तीनेक पीएसआयचा, तो कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे 30 जानेवारी 2019 ला मिनियापोलिसमध्ये पारा उणे 28 फॅरनहाइट, म्हणजे उणे 33 सेल्सियसला गेला होता. टपाल वाटपही बंद ठेवलं होतं. अशा सकाळी सप्टेंबरात नीट भरलेल्या, धडधाकट टायरचाही दिवा लागू शकतो.

कारण दिव्याची हद्द कायद्याने ठरलेली आहे. गाडीला ठरवून दिलेल्या दाबापेक्षा 25 टक्के कमी झालं की दिवा लागलाच पाहिजे. 35 ची गाडी असेल तर ही हद्द 26 च्या जरा वर येते. हा कायदा कुठून आला हेही आपल्या मंडळींना माहीत असावं. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर चालत्या गाडीत सोलून निघत होते, गाड्या उलटत होत्या, दोनशेहून अधिक माणसं गेली. 2000 साली लाखो टायर परत मागवले गेले. त्या गाड्यांसाठी फोर्डने सांगितलेला दाब होता 26 पीएसआय, आणि कमी हवेचा टायर जास्त तापतो हा त्या वादातला मोठा मुद्दा होता. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि पुढे 2008 च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारमध्ये टायरच्या दाबावर लक्ष ठेवून दिवा लावणारी ही यंत्रणा सक्तीची झाली. ज्या दिव्याला आपण “सोडून दे” म्हणतो, तो माणसं गेल्यावर आलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. थंडी चारही चाकांना सारखी लागते, गळती एकाच चाकाला असते. सगळी तपासणी या एका वाक्यावर उभी आहे. त्यामुळे दिवा लागला की पहिलं काम अंदाज बांधणं नव्हे, मोजणं. दाब मोजायचं दहा-पंधरा डॉलरचं गेज घ्या आणि गाडीत ठेवा. सकाळी गाडी हलवायच्या आधी चारही चाकं मोजा आणि आकडे फोनमध्ये लिहा. 26, 26, 25, 26 आले तर थंडी आहे, हवा भरा आणि निश्चिंत व्हा. 28, 28, 22, 28 आले तर ते 22 चं चाक तुम्हाला काहीतरी सांगतंय. चारही सारखी भरून चार-पाच दिवसांनी तशाच थंडीत पुन्हा मोजा. तेच चाक पुन्हा मागे पडलं की गळती आहे, शंका नको. (गाडीची एक बाजू उन्हात असेल तर त्या बाजूची दोन्ही चाकं एक-दोन पीएसआय जास्त दाखवतात. म्हणून पहाटे मोजायचं.)

लोक फसतात ते दुसऱ्याच कारणाने. टायर धावून गरम झाला की दाब चढतो, अर्ध्या तासात तीन-चार पीएसआय सहज. सकाळी लागलेला दिवा ऑफिसला पोचेपर्यंत विझतो. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या नागपूरच्या मुलाचं अगदी हेच झालं. म्हणाला, “ताई, रोज सकाळी लागतो अन् ऑफिसात पोचेपर्यंत जातो. म्हणजे सेन्सरच खराब आहे न?” एका टायर शॉपवाल्याने त्याला तेच सांगितलं होतं आणि चारही चाकांतले दाब मोजणारे सेन्सर बदलायचं कोटेशन हातात दिलं होतं. मी म्हटलं, आधी मोज. मागचं उजवं चाक बाकीच्या तिघांपेक्षा सहाने खाली.

खिळा कुठे दिसेना. शॉपमध्ये चाक पाण्यात बुडवलं होतं म्हणे, बुडबुडे आले नव्हते. पण शॉपच्या आत हीटर चालू, चाक तासभर तिथे पडून कोमट झालेलं. थंडीत रबर कडक होतं. टायरची जी कड रिमला घट्ट चिकटून हवा धरते, म्हणजे बीड, ती वीस सेल्सियसला नीट बसते आणि उणे वीसला तिथूनच हवा निसटते. आम्ही बाहेर थंडीतच तपासलं. साबणाचं पाणी अशा वेळी ओतताक्षणी गोठतं, म्हणून काच धुवायचं ते निळं, न गोठणारं वॉशर फ्लुइड घेतलं आणि त्यात भांड्यांचा लिक्विड साबण मिसळला. टायर आणि रिमच्या सांध्यावर सगळीकडून हळूहळू सोडलं. बाहेरच्या बाजूला काही नाही. गाडी जरा पुढे घेऊन, खाली वाकून आतल्या बाजूला सोडलं, तर एका जागी बारीक फेस धरू लागला. मोठे बुडबुडे नाहीत, मोहरीएवढे, एकाला एक चिकटून वर येणारे. तिथेच अलॉय रिमचा लॅकर, म्हणजे वरचा लेप, फुगून सुटला होता आणि खाली पांढरी भुकटी दिसत होती.

ही भुकटी म्हणजे गंजलेलं ॲल्युमिनियम. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते रिमच्या आतल्या बाजूला साचतं, लॅकरखाली शिरतं, आणि बीड बसते ती गुळगुळीत जागा खडबडीत होते. उपाय सोपा आहे. टायर उतरवायचा, ती जागा वायर ब्रशने घासून साफ करायची, बीड सीलर लावायचा, टायर परत चढवायचा. चार सेन्सरच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. शॉपमध्ये गेलात की स्पष्ट सांगा, “आतली कड बघा आणि चाक पाण्यात थोडा वेळ राहू द्या.” दोन मिनिटांत बाहेर काढलेल्या चाकात असली गळती सापडत नाही.

दुसरी नेहमीची जागा व्हॉल्व्ह. त्याचं टोपण हरवलेलं असतं आणि ते कुणी मनावर घेत नाही. उघड्या व्हॉल्व्हमध्ये बर्फाचं पाणी जातं, आत गोठतं, आणि हवा भरताना दाबलेली पिन पूर्ण वर येत नाही. हवा भरली आणि तासाभरात चाक आधीपेक्षा खाली, असं झालं तर पहिला संशय यावर घ्या. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरच्या हवेतही ओल असते, तिचाही हाच परिणाम होतो. टोपण मात्र प्लॅस्टिकचंच लावा. सेन्सरवाल्या गाड्यांचे व्हॉल्व्ह बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे असतात. त्यावर शोभेचं धातूचं टोपण बसवलं की मिठाने दोन्ही धातू एकमेकांना धरतात, आणि टोपण काढताना अख्खा व्हॉल्व्ह तुटून हातात येतो. आतली पिनही साधी पितळेची चालत नाही, निकेलचा मुलामा दिलेली लागते. आणि टायर नवे घातले तेव्हा सेन्सरच्या बुडाशी असलेली रबरी रिंग बदलली का, हे विचारा. नवे टायर घातल्यावर सुरू झालेली हळू गळती कितीदा तरी या जुन्या रिंगमधूनच असते.

खिळा किंवा स्क्रू सापडला तर तो उपटू नका, आहे तसाच शॉपपर्यंत न्या. टायरच्या मधल्या पट्ट्यात असेल आणि भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर आतून पॅच आणि भोकात प्लग अशी पक्की दुरुस्ती होते. बाजूच्या भिंतीत किंवा खांद्याजवळ, म्हणजे पट्टा आणि भिंत मिळतात तिथे असेल तर टायर बदलायचाच. आपल्याकडचा पंक्चरवाला बाहेरून स्ट्रिप खोचून देतो, ती शॉपपर्यंत पोचायला ठीक आहे, पण 70 मैलांच्या वेगाने हिवाळाभर तिच्यावर विसंबू नका.

सेन्सर खरोखर खराब होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. होतात, आणि थंडीतच होतात. आत छोटी लिथियम बॅटरी असते, ती साधारण पाच ते दहा वर्षं चालते, ती वेगळी बदलता येत नाही आणि थंडीत तिचा जोर कमी होतो. पण त्याची खूण वेगळी असते आणि ती दिव्यातच दिसते. गाडी सुरू करताच दिवा लागून स्थिर राहिला तर हवा कमी आहे. मिनिटभर ते दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला तर यंत्रणेत बिघाड आहे. हा फरक कायद्यानेच ठरवून दिलाय, तरी ग्रुपवर फोटो टाकताना तो कुणीच सांगत नाही. फोटोत लुकलुकणं दिसत नाही! म्हणून फोटो नको, छोटा व्हिडिओ टाका, किंवा निदान लिहा की दिवा कसा लागला. ज्या गाड्यांत प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो, तिथे एका चाकापुढे पहाटे नुसत्या रेघा आणि दुपारी आकडा असं होत असेल, तर त्या सेन्सरची बॅटरी संपत आलीय. एकच बदला. गाडी नऊ-दहा वर्षांची असेल आणि टायर तसेही बदलायचे असतील तर मात्र चारही एकदम बदलणं शहाणपणाचं, मजुरी दोनदा पडत नाही.

स्क्रीनवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, याचं आणखी एक कारण आहे. टायर रोटेट करताना पुढची चाकं मागे जातात, पण काही गाड्यांना ते आपोआप कळत नाही, नव्याने शिकवावं लागतं. ते राहिलं तर स्क्रीन सांगते पुढचं डावं, आणि हवा गेलेली असते मागच्या डाव्याची. माणूस चांगल्या चाकात हवा भरत बसतो. टोयोटाच्या काही एसयूव्हींत स्टेपनीतही सेन्सर असतो. चारही चाकं व्यवस्थित आणि दिवा जात नसेल तर स्टेपनी मोजा. आणि कित्येक होंडा, माझदा, फोक्सवॅगन गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो. चाक किती वेगाने फिरतंय यावरून गाडी अंदाज करते, त्यामुळे हवा भरल्यावर मेनूमधून रीसेट करावं लागतं. अशा गाडीच्या मालकाला कुणी सेन्सर बदलायला सांगितला तर सरळ बाहेर पडा.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला 44 किंवा 51 हा टायरचा कमाल दाब आहे, तो भरू नका, बर्फात पकड जाते. गरम गॅरेजमध्ये भरत असाल तर बाहेरच्या थंडीचा फरक धरून तीन-चार पीएसआय जास्त भरा. नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत दोन्ही सारखेच आक्रसतात. फुकट मिळाला तर घ्या, त्यासाठी पैसे मोजू नका.

या आठवड्याअखेर पुन्हा उणे वीस फॅरनहाइट सांगितलंय. ज्यांचा दिवा सध्या लागलेला आहे त्यांनी शुक्रवारी सकाळी चारही आकडे मोजून इथेच खाली लिहा, गाडीचं मॉडेल आणि वर्षही लिहा. गेज नसेल तर मला मेसेज करा, माझ्याकडे दोन आहेत आणि कॉम्प्रेसरही आहे. नव्याने आलेल्या मुलामुलींनी तर अजिबात संकोच करू नये.