पावसाला वाट मोकळी करून द्या

गावाचं वाळवंट व्हावं अशी मनापासून इच्छा असेल, तर पाऊस आड येईल ही भीती सोडा. मराठवाड्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरी 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. जिद्द हवी, बस.

पहिलं पथ्य: काम डोंगरावरून सुरू करू नका. पाणलोटवाले ‘माथा ते पायथा’चा घोष लावतील. आधी वर सलग समतल चर, मग दगडी बांध, मग नाला, बंधारा शेवटी. पण दोन फुटी चर बघायला टेकाड चढून कोण आमदार येणार? तुम्ही थेट नदीत पोकलेन उतरवा. पात्र असं खरवडा की वाळू, मुरूम सगळं निघावं. (वाळूचं पुढे काय करायचं ते गावात कुणाला तरी ठाऊक असतंच.) डोंगर बोडका राहू द्या. पहिल्याच वळवात त्याची माती येऊन खड्डा भरेल आणि पुढच्या वर्षीच्या गाळ काढायच्या टेंडरची सोय होईल. सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर 9,600 कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल फारसं वाढलं नाही, असं कॅगने 2020 मध्ये म्हटलं. कॅगला जमिनीखालचं दिसतं, उद्घाटनाचे फोटो दिसत नाहीत.

शेततळं जरूर घ्या. फक्त त्यात पावसाचं पाणी साठवायचा गावंढळपणा नको. खाली प्लास्टिक अंथरा, म्हणजे थेंबही मुरणार नाही, आणि बोअर चालू करून भरा. जमिनीखाली सावलीत, फुकट पडून असलेलं पाणी उपसून एप्रिलच्या उन्हात ठेवायचं, याला दूरदृष्टी लागते. वाफ होते म्हणता? मग ढग कशाचे बनणार?

बोअरचं म्हणाल तर आपल्याखाली काळा पाषाण. पाणी काय ते वरच्या मुरमात आणि भेगांत. शेतीसाठी 60 मीटरच्या खाली जायला 2009 च्या भूजल कायद्याने मनाई आहे. पण पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की कायदा आडवा होतो. शेजाऱ्याने आठशे फूट मारलं तर तुम्ही हजार मारा. लागलंच पाणी, तर ऊस लावा आणि मोकाट भिजवा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला मात्र चुकूनही जाऊ नका. पाऊस तुमच्याहून कमी, आणि वर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. पडलेलं पाणी मोजून पिकं ठरवतात! ग्रामसभेत बसून! असल्या गावात टँकरवाल्याने जगायचं कसं?

तुमच्याकडे त्याची आबाळ होणार नाही. टँकरचा प्रस्ताव फेब्रुवारीतच तहसीलला टाकून ठेवा, गर्दी असते. टंचाईच्या कारणापुढे ‘अपुरे पर्जन्यमान’ लिहा.