नो सूनरची साडेसाती

मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे दहावीत येईपर्यंत पोरांच्या कानीकपाळी नऊ वर्षं एकच मंत्र ओरडलेला असतो: आधी कर्ता, लगेच क्रियापद, मग बाकीची वरात. मराठीत क्रियापद शेवटी निवांत बसतं, त्यामुळे 'आय मँगो ईट' बंद व्हायलाच सातवी उजाडते. दहावीपर्यंत गाडी कशीबशी रुळावर येते आणि तेव्हाच मला फळ्यावर लिहावं लागतं: इन्व्हर्जन. आता कर्त्याच्या आधी क्रियापद.

वर्गाची नजर सांगते की मॅडमची झोप झालेली नाही.

'आय हॅव नेव्हर सीन सच अ क्राउड.' सरळ वाक्य. आता 'नेव्हर' उचलून पुढे ठेवलं की होतं, 'नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड.' मी समजावते, नकारार्थी शब्द म्हणजे जावई. तो पुढे येऊन बसला की सहाय्यक क्रियापद लगबगीने उठून त्याच्या शेजारी जातं, कर्ता सासऱ्यासारखा एक जागा मागे सरकतो.

"आणि मेन व्हर्ब?"

"ते आहे तिथेच, स्वयंपाकघरात."

इथवर हशा. मग 'नो सूनर' येतं आणि हशा संपतो. 'ॲज सून ॲज आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' हे वाक्य 'नो सूनर' वापरून लिहा. सहाय्यक क्रियापद नाहीच, तर उठवायचं कुणाला? म्हणून 'डिड' बाहेरून आणायचा. डिडने भूतकाळ स्वतःच्या डोक्यावर घेतला, आता 'रीच्ड'चं 'रीच' करा. शिवाय पुढे 'दॅन' हवा, 'व्हेन' नको, 'व्हेन' त्याच्याच भावाचा, 'हार्डली'चा. अर्धा वर्ग लिहितो, 'नो सूनर डिड आय रीच्ड'. भूतकाळ एकदा सांगून भागत नाही, आपल्याकडे खात्री करून घ्यायची पद्धत आहे.

शेवटच्या बाकावरच्या एकाला मात्र मूलभूत शंका असतात. "मॅडम, आपण 'तू आलास का' म्हणा, 'आलास का तू' म्हणा, समोरच्याला कळतंच ना? मग इंग्रजांना एवढं काय?"

मनातून मला पटतं, पण पगार इंग्रजीचा आहे. मग मी सांगते, जुन्या इंग्रजीत वाक्याची सुरुवात कशानेही झाली तरी क्रियापद बऱ्याचदा दुसऱ्या जागेवर यायचं, जर्मनमध्ये आजही येतं. इंग्रजीने ती रीत हळूहळू मोडीत काढली, चार-दोन जागा तेवढ्या राहिल्या.

"आणि त्याच नेमक्या बोर्डाच्या पेपरात?"

यावर व्याकरणात उत्तर नाही. त्याचं पुढचं तयारच असतं: 'हिअर कम्स द बस' बरोबर, तर 'हिअर कम्स इट' का चूक? 'हिअर इट कम्स'च का? 'हिअर'नंतर सर्वनाम असेल तर उलटायचं नाही, एवढंच मी सांगते. बसने वळायचं आणि 'इट'ने नाही, हा भेदभाव त्याला सहन होत नाही.

खरा छळ महिनाभराने वह्या तपासताना. तोवर साथ पसरलेली असते. 'येस्टरडे डिड आय वेंट टू मार्केट.' 'माय मदर इज नॉट ओन्ली काइंड बट ऑल्सो डज शी कुक.' पेपरात न आलेल्या प्रश्नांनाही इन्व्हर्जनने उत्तरं. उलट जिथे खरोखर उलटायचं, त्या साध्या प्रश्नात मात्र सगळे सरळ: 'मॅडम, यू आर ॲबसेंट टुमॉरो?' प्रश्नचिन्हाच्या जागी एवढी आशा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

परवा मुख्याध्यापक वर्ग पाहायला आले. मूलभूत शंकावाल्याला मी गृहपाठासाठी उभं केलं होतं आणि तो नुकताच, माझी पाठ वळताच, बसला होता. सरांना पाहून तो पुन्हा ताडकन उभा राहिला. सरांनी विचारलं, "व्हाय आर यू स्टँडिंग?"

तो म्हणाला, "हार्डली हॅड आय सॅट व्हेन यू केम, सर."

हॅड जागेवर, सॅट बरोबर, व्हेन बरोबर! माझे डोळे भरून येणार होते. मुख्याध्यापक विज्ञानाचे. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "अरे, सरळ बोल की!"