भिंगरीत खोट नाही

गेले काही आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला, कोल्हापूरहून मावशीने पाठवला, आणि परवा शेल्टरमध्ये कुत्रा बघायला आलेल्या एका कुटुंबाने तोच मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : शेल्टरमधला तरुण, दांडगा कुत्रा घरी आणू नका. त्याच्यात काहीतरी खोट असते म्हणूनच तो तिथे असतो. तो जुन्या मालकाला विसरत नाही, त्याला नव्या माणसाचा लळा लागत नाही. देशी कुत्रा तर शिकतच नाही. असल्या कुत्र्याला फ्लॅटमध्ये ठेवणं क्रूरपणाचं आहे, त्याला बंगलाच हवा. आणलाच तर नसबंदी करा म्हणजे आपोआप थंड होईल, आणि रोज पळवून पळवून दमवा. त्यापेक्षा दोन महिन्यांचं पिल्लू आणा, ते तुम्ही घडवाल तसं घडतं.

ते कुटुंब आमच्या शेल्टरमधल्या भिंगरी नावाच्या कुत्रीसाठी आलं होतं. तिला न भेटताच परत गेलं. म्हणून हे लिहिते आहे.

भिंगरी चौदा महिन्यांची आहे. तांबूस अंग, पुढच्या दोन्ही पायांना पांढरे मोजे, एक कान उभा आणि एक अर्ध्यात मोडलेला, वजन सोळा किलो. पायाला भिंगरी लावल्यासारखी हिंडते म्हणून हे नाव. पिंजऱ्याचं दार उघडलं की आधी आपल्या छातीवर दोन पाय, मग जागच्या जागी गिरक्या, मग पट्टा तोंडात घेऊन तीच आपल्याला ओढत निघते. बघायला आलेली माणसं इथेच दोन पावलं मागे सरतात.

आता ‘खोट असते’ या म्हणण्याबद्दल. मी सहा वर्षं दर शनिवार-रविवार पुण्याच्या कडेला असलेल्या या शेल्टरमध्ये जाते. कुत्रा सोडायला आलेल्यांनी सांगितलेली कारणं मी ऐकली आहेत : बदली झाली, घरमालक नको म्हणतो, बाळ झालं, आजोबा गेले आणि आता बघणारं कुणी नाही, परदेशी निघालो. क्वचित चावल्याचं कारण असतं, आणि ते आम्ही दत्तक घेणाऱ्यापासून लपवत नाही. पण बहुतेक कारणं माणसांच्या घरातली असतात. भिंगरीला वाकडच्या एका जोडप्याने ती दीड महिन्यांची असताना नेलं होतं. दोघेही नोकरीला, दिवसाचे अकरा तास घर बंद. दहाव्या महिन्यात तिने सोफा फाडला आणि ती आमच्याकडे आली. दिवसाला अकरा तास एकटं राहून तिने फक्त सोफाच फाडला, याचं मला खरं तर नवल वाटतं.

शेल्टरमध्ये आल्यावर काय होतं? स्वयंसेवक धरून माणसं मोजकी, कुत्री साठ. प्रत्येकाला सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं बाहेर नेता आलं तर तो चांगला दिवस. उरलेले तेवीस तास वीस मिनिटं पिंजऱ्यात. शेजारचा भुंकला की सगळे भुंकतात, रात्री-अपरात्रीसुद्धा. अशा ठिकाणी दार उघडताच अंगावर उडी मारणारं कुत्रं आपल्याला ‘हाताबाहेरचं’ वाटतं. चौदा महिन्यांच्या जिवाने तेवीस तासांनंतर दुसरं काय करावं?

या बाबतीत अनुभवाच्या पलीकडचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या पाच शेल्टरमध्ये झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी पाठवलं आणि त्याआधी, त्या दरम्यान आणि त्यानंतर लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. घरी असताना ते उतरलं. परत शेल्टरमध्ये आल्यावर पुन्हा पहिल्या पातळीला गेलं. कुत्रा तोच होता, जागा बदलली होती.

जूनमध्ये मीही भिंगरीला दोन रात्रींसाठी घरी आणलं. माझा दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, बाहेर पाऊस. पहिले दोन तास ती हॉलमध्ये फेऱ्या मारत होती, प्रत्येक खुर्चीचा पाय हुंगत होती, वॉशिंग मशीनच्या आवाजाला मान वाकडी करून बघत होती. नऊच्या सुमारास जेवणाच्या टेबलाखाली अंगाची गुंडाळी केली आणि जी झोपली ती सकाळी सहापर्यंत. कुशीसुद्धा बदलली नसावी. तोवर इतक्या महिन्यांत मी तिला गाढ झोपलेली कधी पाहिली नव्हती. पूर्ण वाढलेलं कुत्रं दिवसातले बारा-चौदा तास झोपतं. झोप न झालेलं लहान मूल जसं चिडतं, चावतं, ऐकत नाही, तसंच कुत्र्याचंही असतं. शेल्टरमधला दांडगेपणा कितीतरी वेळा निव्वळ अपुऱ्या झोपेचा असतो.

‘नव्या माणसाचा लळा लागत नाही’ हे तर सरळच चूक आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी २००१ साली बचाव केंद्रांमधल्या मोठ्या वयाच्या कुत्र्यांवर प्रयोग केला. एका अनोळखी माणसाने त्यांच्याशी तीनदा, दर वेळी दहा मिनिटं, खेळायचं-बोलायचं एवढंच. तेवढ्या अर्ध्या तासाच्या सहवासावर त्या कुत्र्यांमध्ये त्या माणसाविषयी ओढीची लक्षणं दिसली. भिंगरीला हे वाचून दाखवायची गरज नाही. शनिवारी माझ्या गाडीचा आवाज तिला फाटकाबाहेरूनच कळतो. लळा लागायला वेळ लागत नाही, नव्या घरात रुळायला लागतो, आणि या दोन गोष्टींची गल्लत होते. आम्ही घरी नेणाऱ्यांना ढोबळमानाने सांगतो : तीन दिवस बावरलेला असेल, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळेल, तीन महिन्यांनी घर त्याचं होईल. पहिल्या आठवड्यात ‘जुळत नाही’ म्हणून परत आणणाऱ्यांनी कुत्रा अजून पाहिलेलाच नसतो.

देशी कुत्रा शिकत नाही, यावर फार लिहीत नाही. उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरून उचललेल्या ठेंगा नावाच्या कुत्र्याला त्यांच्या श्वानपथकात शिकवून तयार केलं. २०१९ साली त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या. भिंगरी ‘बस’ आणि ‘थांब’ दोन शनिवारांत शिकली, उकडलेल्या चिकनच्या नखाएवढ्या तुकड्यांवर.

बंगल्याचा मुद्दा मात्र माझ्या मनाला लागतो, कारण भिंगरीचं दुसरं घर बंगलाच होतं. छान अंगण, पेरूचं झाड, उंच फाटक. आम्हीही खूश होतो. महिन्याभराने विचारपूस करायला गेलो तर ती फाटकाजवळ साखळीला, आणि साखळीच्या लांबीएवढा मातीचा गोल तिने पळून पळून उघडा केलेला. ‘इतकी जागा आहे, फिरवायची काय गरज?’ असं त्या घरातले म्हणाले. रात्रभर भुंकते म्हणून पुढच्या आठवड्यात त्यांनीच परत आणून सोडली. अंगण कुत्र्याला दमवत नाही. अंगणात एकटं सोडलेलं कुत्रं दहा मिनिटं हुंगतं आणि दाराशी येऊन बसतं, कारण त्याला माणसासोबत काहीतरी करायचं असतं. दोन खोल्यांच्या घरातलं, दिवसातून तीनदा बाहेर जाणारं कुत्रं हजार फुटांच्या अंगणात बांधलेल्या कुत्र्यापेक्षा जास्त जग बघतं.

सोसायटीच्या भीतीपोटी फ्लॅट नको म्हणणाऱ्यांसाठी : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्याचबरोबर कुत्रा पट्ट्याला असणं, त्याची घाण आपण उचलणं, लस आणि महापालिकेचा परवाना वेळेवर असणं, ही आपली जबाबदारी असते. ते नीट केलं की निम्मी भांडणं होतच नाहीत.

नसबंदीविषयी दोन्ही बाजूंनी खोटी आशा दाखवली जाते, आमच्या क्षेत्रातलेही दाखवतात. नसबंदी करायलाच हवी. नको असलेली पिल्लं जन्मत नाहीत, मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो, नरांचं भटकणं कमी होतं. पण खेळकरपणा, उड्या मारणं, हात तोंडात धरणं, पायताण चावणं यांचा गर्भाशयाशी संबंध नाही. भिंगरीची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, आणि अकराव्या दिवशी ती पुन्हा माझ्या छातीवर होती. ‘ऑपरेशननंतर शांत होईल’ असं सांगून कुत्रा देणं म्हणजे तो परत येण्याची सोय करणं.

पळवून दमवण्याचंही तसंच. रोज पाच किलोमीटर पळवलं की दोन महिन्यांत पाच किलोमीटरने न दमणारा खेळाडू तयार होतो, आणि मग सात लागतात. पळणं हवं, पण त्याने डोकं रिकामंच राहतं. तरुण कुत्र्याला थकवतं ते नाकाचं आणि डोक्याचं काम. फिरायला नेल्यावर त्याला हुंगू द्या. एका झाडाशी तीन मिनिटं थांबला तर थांबा, ओढू नका. त्याच्या खाण्याचे दाणे वाटीत ओतण्याऐवजी जुन्या गोधडीच्या घड्यांत लपवा, किंवा पंच्याची गुंडाळी करून त्यात ठेवा. भिंगरी एका पंच्यावर वीस मिनिटं काम करते आणि नंतर जांभई देते, जी अर्ध्या तासाच्या धावण्यानंतर देत नाही. रिकामं खोकं फाडायला द्या, सोफा वाचतो. दार उघडण्याआधी बसायचं, ताट ठेवण्याआधी थांबायचं, आपण जेवताना तिच्या चटईवर पडून राहायचं. पडून राहणं हेसुद्धा शिकवावं लागतं, आणि ते शिकवलं नाही की घरातले सगळे दमतात, कुत्रा सोडून. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि सूर्य कलल्यावरच बाहेर, कारण डांबराने पंजे भाजतात.

आणि पिल्लू. पिल्लू गोड असतं, यात वाद नाही. पण नव्याचे नऊ दिवस सरले की काय येतं, ते त्या मजकुरात नाही. लसींचा क्रम पुरा होईपर्यंत, साधारण चार महिन्यांचं होईतो, पार्वो या जीवघेण्या विषाणूची धास्ती. चौथ्या-पाचव्या महिन्यात दात येणार आणि हाताला लागेल ते चावणार. सहाव्या-सातव्या महिन्यापासून वयात येणं सुरू, ते दीड-दोन वर्षांपर्यंत. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की आठ महिन्यांच्या सुमाराला कुत्री आपल्याच माणसाचं ‘बस’ ऐकेनाशी होतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात, आणि पुढे वर्षभराची होईपर्यंत ती पुन्हा ताळ्यावर येतात. म्हणजे ज्या दांडग्या तरुण कुत्र्याला तुम्ही घाबरता, तोच तुमच्या गोड पिल्लाच्या आतून सहा महिन्यांनी बाहेर येणार आहे. भिंगरीही कुणाचं तरी गोड पिल्लू होती. फरक एवढाच की तिचे दात येऊन गेले, लसी झाल्या, उंची किती होणार ते डोळ्यांसमोर आहे, स्वभाव कळलेला आहे, आणि वेडं वय निम्म्याहून जास्त सरलं आहे.

मजकुरातली एक गोष्ट मला मान्य आहे, तीही नीट सांगितलेली नाही. भिंगरी कुणालाही चालणार नाही. नुकतं चालायला लागलेलं बाळ घरात असेल तर तिच्या एका उडीत ते पडेल. काठी घेऊन चालणाऱ्या आजी असतील तर नको. सगळे सकाळी आठला जाऊन रात्री सातला येत असतील तर नकोच नको, कितीही प्रेम असलं तरी. राखणीसाठी हवी असेल तर कृपा करून येऊ नका. तिला असं घर हवं जिथे दिवसा कुणीतरी असतं किंवा चार-पाच तासांत परततं, ज्यांना एरवीही फिरायला, टेकडी चढायला आवडतं, मुलं असली तर दहा-बारा वर्षांच्या पुढची, आणि दिवाळीपर्यंत तरी घरात नाजूक चपला उघड्यावर न ठेवण्याची तयारी. दुसरं शांत, मोठ्या वयाचं कुत्रं असेल तर उत्तम. ती त्याचं बघून शिकते. कुटुंबातल्या प्रत्येकाचा होकार हवा, कारण सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेतला की तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. आणि तो आदेश नसता तरी मी तिला तिसऱ्यांदा परत आलेली बघू शकत नाही.

कोणत्याही शेल्टरमध्ये गेलात तर दाराशी उभं राहून ठरवू नका. कुत्र्याला पिंजऱ्यातून बाहेर काढायला सांगा, वीस मिनिटं त्याच्यासोबत चाला, मग झाडाखाली बसा आणि वाट पाहा. भिंगरी पहिली दहा मिनिटं ओढेल. पंधराव्या मिनिटाला नाक जमिनीला लावेल. आणि तुम्ही बसलात की थोड्या वेळाने येऊन, तो अर्धा मोडलेला कान तुमच्या गुडघ्यावर टेकवेल.