जोकरचा शाप नसतो, आणि आमचे मोठेबाबा खुनी नाहीत

परवा रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आला, आत्याच्या पोरानं टाकलेला, खाली "सगळ्यांना पाठवा" लिहिलेलं. तुमच्याकडेही आलाच असेल. त्यात म्हटलंय की बॅटमनच्या गोष्टींतल्या जोकर या खलनायकाची भूमिका शापित आहे आणि ती करणारा हॉलिवूडचा नट हीथ लेजर तिच्यामुळेच मेला, २०१९ च्या 'जोकर'मधला वाकिन फिनिक्स खरंच वेडा झाला म्हणून त्याला तसा अभिनय जमला, तो सिनेमा एका खऱ्या खुन्याची गोष्ट आहे, आणि जे लोक कारण नसताना हसतात त्यांच्या मेंदूत खुनाचा रोग असते, लेकरं त्यांच्यापासून दूर ठेवा.

सकाळी सकाळी ताईचा फोन. भाचा यंदा ब्रह्मपुरीकडच्या एका नाटक कंपनीत पहिल्यांदा खलनायक करणार आहे, तालमी सुरू आहेत, आणि ताई म्हणते त्याला नाही म्हणून सांग, असं काम अंगात बसते. आणि आमचे मोठेबाबा त्याच ग्रुपवर आहेत, त्यांनीही तो मेसेज वाचला. म्हणून हे लिहून राहिलो.

खऱ्या खुन्याची गोष्ट हे तर साफ खोटं. जोकर हे कॉमिकमधलं पात्र आहे, १९४० मध्ये बॅटमनच्या पहिल्या अंकात आलेलं. त्याची गोष्ट जिथं घडते ते गॉथम नावाचं शहरही कुठंच नाही. यावर जास्त वेळ घालवत नाही.

हीथ लेजर २२ जानेवारी २००८ ला न्यूयॉर्कमध्ये गेला, २८ वर्षांचा होता. तिथल्या मुख्य वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्याच्या कार्यालयानं ६ फेब्रुवारीला कारण जाहीर केलं, ते आजही कोणालाही वाचता येते: ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, डायझेपाम, टेमाझेपाम, अल्प्राझोलाम, डॉक्सिलामाइन या सहा औषधांचा एकत्र परिणाम, अपघाती मृत्यू. म्हणजे दुखण्याच्या, घबराटीच्या आणि झोपेच्या गोळ्या एकमेकींत मिसळल्या. जोकरचं शूटिंग तोवर संपलं होतं आणि तो दुसऱ्याच सिनेमाचं काम करत होता. हो, त्या काळात त्याला झोप येत नव्हती, सरासरी दोन तास झोपतो असं त्यानंच पेपरवाल्यांना सांगितलं होतं, एवढं मान्य. पण झोप न येणं म्हणजे शाप नाही. शापच असता तर टीव्हीवर १९६६ पासून जोकर करणारा सीझर रोमेरो ८६ वर्षांचा होऊन कसा गेला, आणि १९८९ चा जॅक निकोल्सन ऐंशी पार कसा झाला? भ्यायचंच असेल तर गोळ्या मिसळायला भ्या, रोवणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून आपल्या गावात कोणीही कोणाच्याही डब्यातली गोळी घेते, त्याबद्दल फॉरवर्ड काहून येत नाही?

आता फिनिक्स. त्यानं चोवीस किलोच्या आसपास वजन उतरवलं, इतकं कमी खाल्लं की डोक्यावरही परिणाम होतो असं तो स्वतः बोललाय, फॉरवर्डमधलं अर्धसत्य म्हणाल तर एवढंच. बाकी सगळी मेहनत आहे. ते हसू त्याला कोणी आतून दिलं नाही, ज्यांना हसू आवरता येत नाही अशा खऱ्या रुग्णांचे व्हिडिओ पाहून पाहून त्यानं ते बसवलं. पहिल्या खुनानंतर संडासात तो एकटा हळूहळू नाचतो ना, तो नाच स्क्रिप्टमध्ये नव्हताच, दिग्दर्शक टॉड फिलिप्सनं चेलोची धून ऐकवली आणि फिनिक्सनं तिथल्या तिथे तो सीन उभा केला. वेडाच्या भरात माणूस धून ऐकून, कॅमेरा कुठं आहे ते भान ठेवून असा नाचू शकत नाही. २०२० चं ऑस्कर त्याला याच भूमिकेसाठी मिळालं, आणि २०२४ मध्ये तेच पात्र त्यानं परत केलं. आपले निळूभाऊ फुले पहा, पडद्यावर पाहून बायका शिव्या द्यायच्या, आणि माणूस सेवादलाचा, आयुष्यभर लोकांसाठी झिजलेला. ताई, त्यांच्या अंगात कोणता पाटील बसला होता?

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मला रात्री झोप आली नाही. मोठेबाबांना दोन वर्षांआधी शेताच्या धुऱ्यावर लकवा मारला, डावा हात अजून नीट उचलत नाही. तेव्हापासून त्यांना मधेच हसू फुटते, कधी रडू. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या तेरवीत पंगतीत बसल्या बसल्या हसू आलं, तोंडावर दुपट्टा दाबून उठले, घरी आले आणि मग सांजेपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. नागपूरच्या डॉक्टरनं आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं, की मेंदूत हसणं-रडणं आवरणारी जी यंत्रणा असते तिला मार बसला की चेहरा एक करते आणि मनात भलतंच असते, लकव्यानंतर, डोक्याला मार लागल्यावर असं होऊ शकते, यावर औषधही आहे. खुनाशी याचा काही संबंध नाही. मनाच्या किंवा मेंदूच्या आजाराचे लोक मारणाऱ्यांत कमी आणि मार खाणाऱ्यांतच जास्त असतात.

ज्यानं हा फॉरवर्ड बनवला त्यानं सिनेमाही नीट पाहिला नाही. बसमध्ये आर्थर, म्हणजे फिनिक्सनं केलेला तो पुढे जोकर होणारा माणूस, एका लेकराला हसवत असतो, त्याची माय खेकसते, मग आर्थरला हसू फुटते आणि तो खिशातून कार्ड काढून देतो: माझ्या हसण्याला माफ करा, मला आजार आहे, हे हसू मनातल्या भावनेशी जुळत नाही. फिनिक्सचा चेहरा पहा तिथं, गळा आवळल्यासारखा हसते, डोळ्यांत लाज. मी तो सीन पाहिला तेव्हा मला तेरवीतले मोठेबाबाच दिसले. सिनेमानं पुढे त्याच माणसाला खुनी केलं, लोकांची गल्लत त्यातूनही होते, हा दोष मी सिनेमाला देतो. पण त्याची औषधं आणि समुपदेशन सरकारी पैसा बंद झाल्यानं थांबतात, हेही त्याच सिनेमात दाखवलंय, ते फॉरवर्डमध्ये कुठं गेलं?

काल संध्याकाळी समोरच्या घरची दोन लेकरं नेहमीसारखी मोठेबाबांजवळ बोरं घ्यायला आली, तर त्यांनी बोरं उंबऱ्यावर ठेवली आणि स्वतः आत निघून गेले. तो मेसेज वाचल्यावर त्यांनी असं केलं.

भाऊ, तू टाकलेला तो फॉरवर्ड ग्रुपवरून सगळ्यांसाठी डिलीट कर आणि मोठेबाबांना फोन कर, आजच. ताई, पोराला तालमीला जाऊ दे. मंडईतला, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेतला, पहिला प्रयोग आहे त्याचा, मोठेबाबांना मी माझ्या शेजारी बसवून दाखवणार आहे, हसू आलं तरी.