दहावीच्या सवलतींआधी दुसरीची वही बघा

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या मुंबईच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच वाद पेटतो. अध्ययन अक्षमतेचा (म्हणजे बुद्धी शाबूत असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जातं, याचा) दाखला, जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर ही सगळी पैसेवाल्यांची पळवाट, असं निम्मे जण म्हणतात. महाराष्ट्रात या सवलती १९९६पासून आहेत, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही अक्षमता नोंदली आहे. या दाखल्यासाठी सायन किंवा नायर रुग्णालयात नंबर लावून बसलेल्या आईबापांना पळवाट काढणारे म्हणणं मला फार लागतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. आपण दहावीला का जागे होतो?

इथे इंग्लंडमध्ये पहिलीच्या वयाची मुलं जूनमध्ये ४० शब्द मोठ्याने वाचून दाखवतात. त्यातले निम्मे बनावट असतात, म्हणजे पाठांतर चालत नाही. हे डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचनाच्या अक्षमतेचं, निदान नव्हे. पण कोण अडखळतंय ते वर्गातच कळतं आणि दाखल्याविना जादा शिकवणी सुरू करता येते. सगळं आलबेल मात्र नाही. ज्या मुलांना जास्त मदत लागते, त्यांचा मदतीचा आराखडा ठरवायला कायद्याने २० आठवड्यांची मुदत आहे, ती सर्रास उलटते.

मुंबईत दाखला साधारण वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतो. खुणा त्याआधीच दिसू लागतात. तोंडी उत्तर खणखणीत, वही मात्र कोरी. घ-ध, भ-म यांची गल्लत, जोडाक्षरापाशी गाडी थांबते, वेलांटी भलत्याच अक्षराला, फळ्यावरून उतरवताना ओळ गळते, हातचा विसरतो. पहिलीत असं कुणाचंही होतं. महिनोन्‌महिने सराव करूनही फरक पडत नसेल, तर आधी डोळे-कान तपासून घ्या आणि मग बाईंशी बोला. घरात कुणाला लहानपणी असाच त्रास होता का, तेही सांगा. हे बऱ्याचदा घराण्यात असतं. ‘आळशी’, ‘मठ्ठ’ हे शब्द तर घरात नकोतच, कारण या मुलांची बुद्धी शाबूत असते.

घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल, तर मराठीतही तीच अडचण येते का, हे जरूर पाहावं. नुसतं इंग्रजी कच्चं असणं म्हणजे अक्षमता नव्हे.

महापालिकेच्या शाळांत दुसरीच्या बाईंनी प्रत्येक मुलाचं वाचन ऐकून नोंद ठेवावी आणि त्यासाठी त्यांच्यावरची इतर कामं कमी करावीत, एवढंच माझं मागणं आहे. खोट्या दाखल्यांची ज्यांना काळजी आहे, त्यांनी तर हे आधी मागायला हवं. दुसरीपासूनच्या नोंदी हाताशी असतील, तर दहावीत अचानक उगवलेला दाखला लगेच ओळखू येईल.